आर्क्टिक प्रदेशातील लोहमार्ग

आर्क्टिक प्रदेशातील लोहमार्ग : आर्क्टिक वृत्ताच्या (६६° ३३′ उ.) उत्तरेस आणि त्याला लागून असलेल्या अतिशीत प्रदेशांत बांधण्यात आलेले लोहमार्ग. भूगोलाच्या काटेकोर व्याख्येनुसार वृत्तापलीकडील मार्गांचाच येथे समावेश व्हावयास हवा. परंतु स्थापत्य अभियंत्याच्या दृष्टीने खरी सीमा अक्षांशाची नसून जमिनीच्या तापमानाची असते. जेथे जमीन बारमाही गोठलेली असते, तेथे नेहमीच्या मार्गबांधणीचे बहुतेक नियम निरुपयोगी ठरतात. म्हणूनच वृत्ताच्या बराच दक्षिणेस असलेल्या कॅनडातील हडसन उपसागर लोहमार्गाचा विचार या प्रकारातच करावा लागतो. उलट वृत्ताच्या उत्तरेस असूनही नॉर्वेतील नार्व्हिक बंदराला उबदार सागरी प्रवाहाचा शेजार लाभल्यामुळे तेथील अडचणी मुख्यतः बर्फाच्या, कड्यांच्या व अंधाराच्या आहेत, गोठलेल्या जमिनीच्या नव्हेत.

या प्रदेशात वस्ती अत्यंत विरळ असल्यामुळे केवळ प्रवासी वाहतुकीसाठी लोहमार्ग बांधला गेल्याचे उदाहरण जवळजवळ नाही. लोहखनिज, दगडी कोळसा, निकेल, नैसर्गिक वायू असा एखादा जड माल किंवा युद्धकाळात हाती असावे असे बर्फमुक्त बंदर, ही दोनच कारणे सामान्यतः आढळतात. ज्या मार्गाच्या टोकाला असा माल निश्चितपणे होता, ते टिकले. ज्यांच्या टोकाला केवळ नकाशावरील योजना होती, ते बहुधा ओसाड पडले. या विषयाच्या इतिहासातून हा भेद वारंवार प्रत्ययास येतो.

गोठलेली जमीन : सलग दोन किंवा अधिक वर्षे जिचे तापमान ०° से. किंवा त्याहून कमी राहते, अशा जमिनीस चिरगोठित भूमी किंवा पर्माफ्रॉस्ट म्हणतात. सायबीरियाच्या काही भागांत तिची जाडी शेकडो मीटर आहे. तिच्या माथ्यावरील सु. अर्धा ते दोन मी. जाडीचा थर उन्हाळ्यात वितळतो व हिवाळ्यात पुन्हा गोठतो. त्याला सक्रिय थर असे नाव आहे. गोठलेल्या स्थितीत ही भूमी काँक्रीटसारखी टणक असते व कोणताही भार सहज पेलते. तीत बर्फाचे प्रमाण अधिक असेल, तर वितळताच तिचा चिखल होतो आणि वरील बांधकाम असमानपणे खचते. वाळू, गोटे व खडक यांच्या जमिनीत हा धोका कमी असतो. बारीक गाळमाती व पीट यांत तो सर्वाधिक असतो. दुर्दैवाने टंड्रामधील विस्तीर्ण मैदाने बहुतांशी याच दुसऱ्या प्रकारची आहेत [⟶ टंड्रा प्रदेश].

खचण्याइतकाच त्रास फुगण्याचाही होतो. पाणी गोठताना त्याचे आकारमान सु. ९ टक्क्यांनी वाढते. पण जमीन फुगण्याचे ते मुख्य कारण नव्हे. गाळमातीत वरून खाली सरकणाऱ्या गोठणपातळीकडे खालचे पाणी सतत खेचले जाते व तेथे शुद्ध बर्फाची भिंगाच्या आकाराची पटले तयार होतात. ही पटले जाड होऊ लागली की त्यांच्यावरचे सर्व काही उचलले जाते. पुलाचे लाकडी खांब हिवाळ्यागणिक थोडेथोडे वर येतात व उन्हाळ्यात पूर्ववत खाली जात नाहीत. काही वर्षांनी पुलाचा मध्यभाग उंटाच्या पाठीसारखा दिसू लागतो. तारायंत्राचे खांबही याच रीतीने जमिनीबाहेर ढकलले जातात. हडसन उपसागर मार्गावर ते पुरण्याऐवजी तीन वासे एकत्र बांधून तिवईसारखे नुसतेच जमिनीवर उभे करण्यात आले, ते याच कारणामुळे.

लोहमार्गाचा भराव स्वतःच या समतोलात ढवळाढवळ करतो, ही गोष्ट पहिल्या पिढीतील अभियंत्यांना महागात पडली. टंड्रावरील शेवाळ व पीट यांचा थर उष्णतारोधक असतो. तो खरवडून काढला, की उन्हाळ्याची ऊब खोलवर पोचते. भरावाच्या पायथ्याशी वाऱ्याने बर्फाचे ढीग साचतात आणि हे ढीग गोधडीप्रमाणे खालच्या जमिनीला हिवाळ्यातील कडाक्यापासून वाचवितात. त्यामुळे जी जमीन जानेवारीत पूर्ण गारठावयास हवी ती तशी गारठत नाही. भरावाच्या कडेला साचलेले पाणी, दक्षिणेकडील उतारावर पडणारे तिरके ऊन आणि मोऱ्यांतून वाहणारे प्रवाह हीदेखील उष्णतेची उगमस्थानेच होत. मार्ग बांधल्यानंतर पाचदहा वर्षांनी तो एका अंगावर कलू लागतो, याचे मूळ बहुधा या संथ क्रियेत असते.

बांधणीच्या पद्धती : यातून दोन धोरणे निष्पन्न झाली. एक, जमीन आहे तशीच गोठलेली राखणे. दुसरे, ती आधीच वितळवून किंवा उपसून काढून नंतर बांधकाम करणे. दुसरा उपाय खर्चिक असून जेथे गोठलेला थर पातळ व तुटक असतो तेथेच तो परवडतो. उत्तरेकडे पहिलाच मार्ग स्वीकारावा लागतो. त्यासाठी जमिनीत छाट घेणे शक्यतो टाळतात व संपूर्ण मार्ग भरावावरून नेतात; वनस्पतींच्या थराला हात न लावता त्यावरच माती टाकतात; आणि काम शक्यतो हिवाळ्यात उरकतात. हिवाळ्यात नद्या व दलदली गोठलेल्या असल्याने अवजड यंत्रे कोठेही नेता येतात. याउलट उन्हाळ्यात त्याच जागी माणसाला पाय टेकणे कठीण होते. समशीतोष्ण देशांतील बांधकामाचा हंगाम येथे असा उलटा होतो.

भरावाखालची जमीन थंड राखण्याच्या आधुनिक युक्त्या साध्या पण कल्पक आहेत. मोठ्या दगडांचा सच्छिद्र भराव केल्यास हिवाळ्यात दगडांमधील पोकळ्यांतून हवेचे अभिसरण सुरू होऊन खालची उष्णता बाहेर निघून जाते. उन्हाळ्यात वरची हवा अधिक उबदार व हलकी असल्यामुळे हे अभिसरण आपोआप थांबते. दगडांचा असा थर जणू एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपेचे काम करतो. हेच तत्त्व उष्मानलिकेत वापरले जाते. अमोनिया किंवा कार्बन डाय-ऑक्साइड भरलेली बंद नळी जमिनीत रोवतात. हिवाळ्यात खालच्या टोकाशी द्रवाची वाफ होऊन ती वर येते, बाहेरच्या थंडीने तिचे द्रवीभवन होते व द्रव पुन्हा खाली उतरतो. या क्रियेस इंधन लागत नाही, की एकही हलता भाग लागत नाही. अलास्कातील तेलनळाच्या (१९७४–७७) आधारखांबांत अशा नलिका मोठ्या प्रमाणावर बसविण्यात आल्या. चीनने २००६ मध्ये सुरू केलेल्या गोलमुड–ल्हासा या १,१४२ किमी. मार्गावर सु. ५५० किमी. अंतरात गोठलेल्या जमिनीला तोंड देताना दगडी भराव व उष्मानलिका या दोहोंचाही उपयोग केला. तो मार्ग आर्क्टिकमधील नसला, तरी या विषयाची आजवरची सर्वांत मोठी प्रयोगशाळा म्हणून त्याचा उल्लेख आवश्यक आहे.

रुळांचे प्रश्न निराळे. उन्हाळ्यातील ३०° से. व हिवाळ्यातील उणे ५०° से. यांमध्ये ८०° चा फरक पडतो आणि तेवढ्याने २५ मी. लांबीचा पोलादी रूळ सु. २·३ सेंमी. आखडतो. सांध्यांत त्याप्रमाणे फट ठेवावी लागते. अखंड जोडलेल्या रुळांत हाच ताण आत कोंडला जाऊन थंडीत रूळ तुटण्याचा संभव वाढतो. साधे पोलाद कडक थंडीत ठिसूळ होते, वंगण घट्ट होते, ब्रेकच्या हवानळ्यांतील बाष्प गोठते. या सर्व गोष्टींवर उपाय आहेत. मात्र ते प्रत्येक हिवाळ्यात, अंधारात आणि माणसांच्या हातांनी करावे लागतात. मुर्मान्स्क येथे डिसेंबरच्या आरंभापासून सु. ४० दिवस सूर्य क्षितिजावर येत नाही.

स्कँडिनेव्हिया : आर्क्टिक वृत्त ओलांडणारा पहिला महत्त्वाचा लोहमार्ग उत्तर स्वीडनमधील लोहखनिजासाठी बांधला गेला. बॉथनियाच्या आखातावरील लूलिऑ बंदरापासून येलिव्हारेपर्यंतचे काम एका इंग्रज कंपनीने हाती घेतले व १८८८ मध्ये खनिजाची पहिली गाडी धावली. परंतु भांडवल संपून कंपनी बुडाली आणि १८९१ मध्ये स्वीडिश शासनाने मार्ग विकत घेतला. बॉथनियाचे आखात हिवाळ्यात गोठते. म्हणून डोंगर ओलांडून अटलांटिककडे जाणे क्रमप्राप्त होते. रूळ १८९९ मध्ये कीरूनाला व १९०२ मध्ये नार्व्हिकला पोचले आणि १४ जुलै १९०३ रोजी राजा दुसरा ऑस्कर याच्या हस्ते मार्गाचे औपचारिक उद्‌घाटन झाले. लूलिऑ ते नार्व्हिक हे अंतर सु. ४७३ किमी. असून त्यांपैकी नॉर्वेतील भाग फक्त सु. ४३ किमी. आहे. तथापि सर्वांत अवघड काम याच टप्प्यात होते. फ्यॉर्डच्या उभ्या कड्यांतून बोगदे व बर्फनिवारक छपऱ्या बांधीत मार्ग समुद्रसपाटीला उतरविण्यात आला. या कामावरील फिरस्त्या मजुरांना तेथे ‘रालर’ म्हणतात. रस्ता नसल्यामुळे त्यांनी सामान पाठीवरून व घसरगाड्यांवरून वाहिले. स्वीडनमध्ये तोर्नेहाम्न येथे त्यांची लहानशी दफनभूमी असून तेथे पुरलेल्यांपैकी अनेक जण अपघाताने नव्हे, तर सांथीच्या तापाने दगावले होते.

या मार्गाचे विद्युतीकरण फार लवकर झाले. पोर्यूस येथील जलविद्युत् केंद्र उभारून १९१५ मध्ये कीरूना ते सरहद्द हा टप्पा विजेवर आणण्यात आला व १९२३ पर्यंत संपूर्ण मार्गाचे काम पूर्ण झाले. भरलेल्या गाड्या उतारावरून समुद्राकडे जातात व रिकाम्या वर चढतात. उतरणाऱ्या एंजिनांच्या चलित्रांकडून ब्रेक लावताना निर्माण होणारी वीज चढणाऱ्या गाड्यांच्या उपयोगी पडते. मार्गाची ही भौगोलिक देणगी फार थोड्या लोहमार्गांना लाभली आहे. एकविसाव्या शतकात येथे ६८ वाघिणींच्या, सु. ८,६०० टन भाराच्या गाड्या धावू लागल्या. कीरूनाच्या खाणीमुळे जमीन खचू लागल्याने २०१२ मध्ये शहराजवळील रूळ नव्या जागी हलवावे लागले. डिसेंबर २०२३ व फेब्रुवारी २०२४ मध्ये कीरूना–नार्व्हिक भागात खनिजगाड्या रुळांवरून घसरल्या, तेव्हा उत्तर नॉर्वेतील दुकानांपर्यंत अन्नधान्याच्या पुरवठ्याची ओढाताण झाली. कारण दक्षिणेकडून नार्व्हिकला येणारा बराचसा माल स्वीडनमार्गे याच एकेरी रुळांवरून येतो.

स्वीडिश खनिजासाठी १९४० मध्ये नार्व्हिक येथे घनघोर लढाई झाली. सरहद्दीजवळील नोरदाल पूल शत्रूच्या हाती पडू नये म्हणून उडवून देण्याची सोय तो बांधतानाच करून ठेवलेली होती. एप्रिल १९४० मध्ये नॉर्वेजियन सैन्याने ती वापरली. पण पूल पुरता कोसळला नाही व नंतर दुरुस्त करण्यात आला. जर्मन अंमलात दक्षिणेकडून येणारा नॉर्डलँड मार्ग उत्तरेकडे रेटण्यासाठी सोव्हिएट व यूगोस्लाव्ह युद्धकैदी जुंपण्यात आले. नार्व्हिकपर्यंत व त्याही पुढे जाण्याची ती योजना अपुरीच राहिली. हा मार्ग आर्क्टिक वृत्त ओलांडून बोडो येथे पोचावयास १९६२ साल उजाडले. नार्व्हिकला नॉर्वेच्या उर्वरित लोहमार्गांशी देशांतर्गत जोड अजूनही नाही.

मुर्मान मार्ग : पहिल्या महायुद्धात बाल्टिक व काळा समुद्र या दोन्ही वाटा बंद झाल्यावर रशियाला मित्रराष्ट्रांकडून येणारी युद्धसामग्री उतरविण्यासाठी बर्फमुक्त बंदराची निकड भासली. कोला द्वीपकल्पाचा किनारा बराच उत्तरेस असूनही उबदार प्रवाहामुळे हिवाळ्यात गोठत नाही. तेथे पोचण्यासाठी पेट्रोझाव्होट्स्कपासून उत्तरेकडे हजार किमी.हून अधिक लांबीचा मार्ग १९१५ मध्ये हाती घेण्यात आला व नोव्हेंबर १९१६ मध्ये रूळ जोडले गेले. त्याच वर्षी मार्गाच्या टोकाशी स्थापन झालेले रोमानोव्ह-ना-मुर्माने हे शहर १९१७ मध्ये मुर्मान्स्क झाले. दोन वर्षांहून कमी अवधीत झालेल्या या कामाचे अभियांत्रिकी ग्रंथांत कौतुक केले जाते. पण त्याची दुसरी बाजूही आहे. रशियन शेतकरी व चिनी मजूर यांच्या जोडीला ऑस्ट्रिया-हंगेरीचे व जर्मनीचे युद्धकैदी दलदलीत उतरविण्यात आले. त्यांची संख्या सु. ७०,००० होती व त्यांपैकी सु. २५,००० स्कर्व्ही, सांथीचा ताप व उपासमार यांनी मरण पावले, असा संशोधकांचा अंदाज आहे. घाईत टाकलेला मार्ग इतका कच्चा होता की त्यावरून गाड्या अतिशय मंद चालवाव्या लागत. दुसऱ्या महायुद्धात शत्रूने त्याचा दक्षिण भाग तोडला. परंतु श्वेत समुद्राच्या दक्षिण काठाने ओबोझेर्स्कायाकडे जाणारा जोडमार्ग १९४१ मध्ये तयार झाला होता, त्यामुळे मुर्मान्स्कला उतरलेला माल देशात पोचत राहिला.

हडसन उपसागर मार्ग : कॅनडाच्या प्रेअरी प्रदेशातील गहू यूरोपकडे जवळच्या वाटेने पाठविण्यासाठी मॅनिटोबातील द पा येथून हडसन उपसागराकडे लोहमार्ग नेण्याचे ठरले. प्रथम पोर्ट नेल्सन हे टोक निवडून तेथे कृत्रिम बेट व त्यास किनाऱ्याशी जोडणारा पूल बांधण्यात आला. नदीचा गाळ व उथळ पाणी यांमुळे ती जागा बंदरास निकामी असल्याचे मागाहून मान्य करावे लागले. महायुद्धामुळे काम थांबले ते वेगळेच. ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक पामर याच्या अहवालानंतर १९२७ मध्ये चर्चिल हे टोक मुक्रर झाले. उत्तरेकडील शेवटच्या टप्प्यात अभियंत्यांनी धाडसी निर्णय घेतला. १९२८-२९ च्या हिवाळ्यात गोठलेल्या दलदलीवर रूळ तसेच अंथरण्यात आले व पुढच्या उन्हाळ्यात त्याच रुळांवरून खडी आणून खाली भराव घालण्यात आला. मार्च १९२९ मध्ये रूळ चर्चिलला पोचले. सु. ८२० किमी. लांबीचा हा मार्ग तेव्हापासून दर उन्हाळ्यात थोडा खचत व दुरुस्त होत आला आहे. मे २०१७ मध्ये पुराने तो वीसहून अधिक ठिकाणी वाहून गेला. चर्चिलला बाहेरून येणारा रस्ता नसल्याने सु. दीड वर्ष गावाचा पुरवठा विमानांवर व उन्हाळ्यातील जहाजांवर अवलंबून राहिला.

अलास्का मार्ग (१९१५–२३) आर्क्टिक वृत्तापर्यंत जात नाही; परंतु त्याच्या बांधकामातील एक गंमतीची गोष्ट विज्ञानाच्या उपयोगी पडली. नेनाना येथे नदीचे बर्फ केव्हा फुटेल यावर १९१७ मध्ये लोहमार्गाच्या कामावरील मंडळींनी पैज लावली. ती पैज दरवर्षी चालू राहिल्याने बर्फ फुटण्याच्या क्षणाची शतकाहून अधिक काळाची अखंड नोंद आज हवामानशास्त्रज्ञांच्या हाती आहे.

सोव्हिएट काळातील मार्ग : उत्तरेकडील लोहमार्गांची सर्वांत मोठी व सर्वांत क्लेशकारक बांधणी सोव्हिएट संघात १९३० नंतर झाली. ती सक्तमजुरीच्या छावण्यांतील कैद्यांकडून करून घेण्यात आली. कोटलास–व्हॉर्कुटा हा पेचोरा मार्ग १९३७ मध्ये सुरू होऊन डिसेंबर १९४१ अखेर पहिली गाडी व्हॉर्कुटाला पोचली. त्या वर्षी डोनबासच्या कोळसाखाणी जर्मनांच्या हाती गेल्या होत्या, त्यामुळे व्हॉर्कुटाच्या कोळशाला एकाएकी राष्ट्रीय महत्त्व आले. मार्ग आजही वाहता आहे.

याच मार्गावरील चूम स्थानकापासून निघणाऱ्या फाट्याचा इतिहास मात्र निराळा आहे. ओबच्या आखातावर केप कामेन्नी येथे आर्क्टिक बंदर उभारावे व तेथे लोहमार्ग न्यावा, असा निर्णय १९४७ मध्ये घेण्यात आला. काम सुरू झाल्यावर समुद्राची पाहणी पूर्ण झाली आणि तेथे मोठ्या जहाजांना पुरेसे खोल पाणी नसल्याचे आढळले. पोर्ट नेल्सनची चूक तीस वर्षांनी, कैकपट मोठ्या प्रमाणावर, पुन्हा घडली होती. योजना रद्द करण्याऐवजी १९४९ च्या आरंभी तिची दिशा बदलण्यात आली. ओब नदीवरील सालेखार्दपासून पूर्वेकडे येनिसेवरील इगार्कापर्यंत सु. १,३०० किमी. मार्ग बांधावयाचा ठरला. पश्चिमेकडील काम ५०१ व पूर्वेकडील काम ५०३ अशा क्रमांकांनी ओळखले जाई. आराखडा तयार होण्याआधीच बांधकाम चालू होते. संपूर्ण तांत्रिक आराखडा हाती आला तो १९५२ मध्ये. पाचदहा किमी. अंतरावर छावण्या, लाकडी पूल, एकेरी रूळ व गोठलेल्या गाळमातीवर घाईने टाकलेला वाळूचा भराव असे या मार्गाचे स्वरूप होते. रूळ देशभरातून गोळा केलेले, काही एकोणिसाव्या शतकातलेही होते. हिवाळ्यात ओब नदीच्या बर्फावर रूळ टाकून गाड्या पलीकडे नेल्या जात, उन्हाळ्यात तरींवरून. हजारो कैदी येथे राबले. त्यांतील किती परतले नाहीत याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, आणि जे आकडे छातीठोकपणे सांगितले जातात त्यांवर विसंबू नये हे बरे.

स्टालिनचे निधन ५ मार्च १९५३ रोजी झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस काम थांबविण्याचा आदेश निघाला. निम्म्याहून अधिक अंतरात रूळ पडले होते. तास नदीकाठच्या आगारात वाफेची एंजिने जागच्या जागी सोडून देण्यात आली, ती दलदलीतील झुडपांत गंजत उभी राहिली. पाहणीसाठी पुढे गेलेल्या अभ्यासकांना तेथे जे आढळले ते गोठण-फुगवट्याच्या सिद्धांताचे जणू प्रात्यक्षिकच होते. पुलांचे खांब वर उचललेले, भराव वितळून गेलेला आणि रूळ हवेत झोके घेत लोंबकळणारे, असे ते दृश्य होते. रशियात या मार्गाला ‘मृत मार्ग’ म्हणतात. त्याला लोहमार्गाचे अपयश म्हणण्यापेक्षा मोजणीआधी हुकूम काढण्याचे फळ म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. कारण त्याच फाट्याचा चूम ते लाबित्नांगी हा पश्चिमेकडील टप्पा नीट देखभालीमुळे अद्याप चालू आहे, आणि पुढे वायुक्षेत्रांच्या विकासकाळात पूर्वेकडील जुन्या रेषेचा काही भागही नव्याने बांधून उपयोगात आणला गेला.

येनिसेच्या पूर्वेस दुदिंका बंदर व नोरिल्स्क येथील निकेलच्या खाणी यांना जोडणारा अरुंदमापी मार्ग १९३६-३७ मध्ये कैद्यांनीच बांधला. नंतर तो रुंद करण्यात आला. देशाच्या इतर लोहमार्गांशी त्याचा संबंध नाही. येथील मुख्य शत्रू वाऱ्याबरोबर वाहणारे बर्फ हा होता; सुरुवातीच्या हिवाळ्यांत गाड्या दिवसेंदिवस अडकून पडत. बर्फ अडविण्यासाठी उभारलेल्या भिंती काही काळातच स्वतः बुजून जात. मिखाईल पोतापोव्ह या कैदी अभियंत्याने उलटा विचार केला. बर्फ अडवावयाचे नाही, तर वाऱ्याचा वेग वाढवून ते रुळांवरून पलीकडे उडवून द्यावयाचे. त्यासाठी त्याने जमिनीपासून काही अंतर मोकळे सोडलेल्या तिरप्या फळ्यांचे कठडे बसविले. खालच्या अरुंद फटीतून वारा जोराने निघतो व रूळ झाडून काढतो. पोतापोव्हची ही रचना या मार्गाच्या सर्व इतिहासातील सर्वांत स्वस्त व सर्वांत परिणामकारक सुधारणा मानावी लागेल.

यामाल मार्ग व आधुनिक काळ : लाबित्नांगीजवळील ओब्स्काया स्थानकातून यामाल द्वीपकल्पावरील बोव्हानेंकोव्हो वायुक्षेत्राकडे जाणाऱ्या मार्गाचे काम १९८६ मध्ये सुरू झाले. सोव्हिएट संघाच्या विघटनानंतरच्या वर्षांत ते रेंगाळले व २०१० मध्ये गाड्या बोव्हानेंकोव्होपर्यंत, पुढील वर्षी कार्स्कायापर्यंत जाऊ लागल्या. ५७२ किमी. लांबीचा हा मार्ग जगातील वाहतूक चालू असलेला सर्वांत उत्तरेकडील लोहमार्ग मानला जातो. मृत मार्गाच्या जिवंत राहिलेल्या फाट्यावरूनच तो निघतो, हा इतिहासाचा योगायोग लक्षणीय आहे. त्याच्या भरावासाठी हिवाळ्यातच गोठलेली वाळू वापरून तीवर फेसाळ प्लॅस्टिकचे उष्णतारोधक थर व कृत्रिम धाग्यांचे कापड अंथरले आहे. युरिबेई नदीचे पात्र फार रुंद नाही. परंतु वसंतात पूर आला की पाणी काठच्या सखल भूमीवर किलोमीटर-किलोमीटर पसरते. तेथे भराव घातला असता, तर पाणी तुंबून गोठलेली जमीन वितळली असती. म्हणून पूरमैदान संपूर्णपणे ओलांडणारा सु. ३·९ किमी. लांबीचा पूल बांधण्यात आला व २००९ मध्ये तो खुला झाला. त्याचे पोलादी नळखांब लवणयुक्त गोठलेल्या मातीत २० ते ४० मी. खोल नेले आहेत. जमिनीतील मिठामुळे ती शून्याखालीही पुरती कठीण होत नाही, हे त्या खोलीचे कारण होय.

आर्क्टिक प्रदेशाचे तापमान पृथ्वीच्या सरासरीपेक्षा बऱ्याच अधिक वेगाने वाढत असल्याने जमीन गोठलेली राखण्याच्या धोरणाचा आधारच डळमळू लागला आहे. ज्या भागांत जमिनीचे तापमान उणे एक-दोन अंशच आहे, तेथे अल्पशी वाढही भराव खचण्यास पुरते. हडसन उपसागर मार्गाची मोठी लांबी याच पट्ट्यात येते. यामालसारख्या अधिक थंड भागांत अवधी जास्त आहे एवढेच.

दुसरा प्रश्न स्थानिक लोकांचा आहे. सामी, नेनेट्स इ. जमातींचे रेनडियरपालन ऋतुमानानुसार शेकडो किमी. स्थलांतरावर आधारलेले आहे आणि लोहमार्ग या वाटा आडव्या छेदतो. रुळांवरील बर्फ काढलेले असल्याने कळप चालण्यासाठी रुळांचाच आश्रय घेतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये उत्तर नॉर्वेत काही दिवसांत १०० हून अधिक रेनडियर मालगाड्यांखाली सापडले. फिनलंडमधील रोव्हानिएमीपासून नॉर्वेतील किर्केनेसपर्यंत आर्क्टिक महासागराकडे मार्ग नेण्याच्या प्रस्तावास सामी लोकांनी तीव्र विरोध केला. दोन्ही देशांच्या संयुक्त कार्यगटाला २०१९ मध्ये तो व्यापारी दृष्ट्याही किफायतशीर आढळला नाही, आणि २०२१ मध्ये लॅपलंडच्या प्रादेशिक परिषदेने आपल्या आराखड्यात त्यास स्थान नाकारले.

रशियाने सालेखार्द, नादिम व नोव्ही उरेंगॉय यांना जोडून पश्चिम व पूर्वेकडील वायुक्षेत्रे एका रेषेत आणण्याची, म्हणजे मृत मार्गाच्या पश्चिमार्धाचेच पुनरुज्जीवन करण्याची, सु. ७०० किमी.ची योजना एकविसाव्या शतकात जाहीर केली. ती वारंवार लांबणीवर पडत आली आहे. तिचा मुख्य आधार असलेला ओब नदीवरील पूल अद्याप पूर्ण झालेला नाही. लाबित्नांगी व सालेखार्द यांमधील वाहतूक उन्हाळ्यात तरींतून व हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून होते. शरद व वसंत ऋतूंत, बर्फ धरण्याच्या व फुटण्याच्या काळात, मोटारवाहतूक काही दिवस बंद राहते.